चौथा खड्डा

८ जुलै २०२५, मंगळवार

आकडा आला! १३०/एफ/बी/एक्स/टी. आमचे प्रमुख चनमल्लप्पा सर, त्यांनी स्वतः पेढ्याचा पुडा फोडला आणि पहिला पेढा माझ्याच तोंडात कोंबला. "बुद्धरत्न, हे तुमचं काम!" व्हय, माझंच काम. खिडकीकडं तोंड करून पेढा कसाबसा गिळला.

चहा घेऊन आलेल्या ईरम्मानं विचारलं, "सायेब, ह्यो कसला आकडा म्हणायचा?" सांगितलं — आपली धावपट्टी किती भार सोसते त्याचा. विमानाला बी असाच एक आकडा असतोय. विमानाचा आकडा धावपट्टीच्या आकड्यापेक्षा जास्ती असला की त्याला उतरू द्यायचं न्हाई.

"म्हंजे बाज बघून पाव्हणा बसवायचा!" म्हणाली आणि कप गोळा करून गेली. हेच सांगायला मला प्रशिक्षणात चाळीस स्लाइड लागतात.

आजपर्यंत इथं फक्त शिकाऊ विमानं उतरायची, चार माणसांची. १५ सप्टेंबरला सत्तर आसनांचं पहिलं विमान येणार. त्याचा आकडा १२२, आपला १३०. बसतंय की! सगळे खूश.

अक्षरांचं मात्र ईरम्माला सांगितलं न्हाई. 'एफ' म्हणजे डांबरी धावपट्टी, 'एक्स' चाकांतल्या हवेच्या दाबाचा. 'बी' म्हणजे डांबराखालची जमीन घट्ट, ए च्या खालोखाल. सगळ्यात मऊ ती 'डी'. आणि शेवटचा 'टी' म्हणजे अंदाजपंचे न्हाई — खड्डे खणून, माती तपासून काढलेला आकडा.

त्या 'टी'कडं बघवत न्हाई मला.

९ जुलै

लिहून टाकतो. दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत न्हाई तर निदान वहीला.

२२ मे. तपासणीला हैदराबादहून विजयश्री मॅडम आल्या होत्या. चार खड्डे खणायचे होते. तीन जुन्या धावपट्टीच्या कडेला, चौथा पूर्वेच्या नव्यानं वाढवलेल्या टोकाला, जिथं विमान गिरकी घेऊन परत फिरतं तिथं. विमान पळताना जमिनीला तेवढा त्रास देत न्हाई. हळू चालून, चाकं पिळून वळतं तेव्हा खरा भार पडतो. म्हणून चौथा खड्डा सगळ्यात महत्त्वाचा.

खणायला ठेकेदाराची चार माणसं. त्यात आमचा अण्णा. नरसिंग अण्णा, माझा सख्खा थोरला भाऊ. ठेकेदाराकडं मजुरीला आहे हे मला ठाऊक होतं, पण माझ्याच खड्ड्यावर येईल असं वाटलं नव्हतं. डोक्याला टॉवेल, बनियन, अंगभर तांबडी धूळ. मला बघून हसला. मी मान वळवली.

मॅडमनी विचारलं, "हे तुमच्या ओळखीचे का?" कन्नडमध्ये विचारलं, पण अण्णाला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतंय.

मी म्हणालो, "न्हाई. ठेकेदाराचा माणूस आहे."

थू!

तेवढ्यावर भागलं असतं तर कुठं! तीन खड्डे झाले. तिन्हीत जांभ्याचा घट्ट मुरूम. मॅडम उन्हानं कासावीस होऊन तंबूत गेल्या. चौथा खड्डा दीड हात गेला आणि अण्णा आतून वरडला, "बुद्धा! आरं हिथं काळी लागली बघ! वर मुरूम निस्ता सारवल्यावानी हाय. काळीचा भरवसा मिरगाच्या आधी करू न्हाई. एक घागर पाणी वत हिच्यात आन् उद्या सकाळी बघ कसं लोणी हुतंय!"

बुद्धा! ठेकेदाराचा सुपरवायझर बालाजी शेजारीच उभा. फिसकन हसला. "सर, तुम्हाला बुद्धा म्हणतोय हा!" माझं टाळकं सरकलं. कानाच्या पाळ्या तापल्या. वरडलो — "तुम्ही तुमचं काम बघा! शिकवू नका! बुजवा तो खड्डा!"

अण्णानं माझ्याकडं एकदा बघितलं. खोरं उचललं आणि माती लोटली.

बुजवलेला खड्डा परत उकरा म्हणायला कमीपणा वाटला, म्हणून मी तिसऱ्या खड्ड्यातलीच तांबडी माती दोन पोत्यांत भरली. एकावर तीन लिहिलं, एकावर चार. मॅडम तंबूतून आल्या तेव्हा पोती शिवून तयार होती. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली.

काळ्या रानात जन्म गेला आमच्या घराण्याचा. पावसाळ्यात चप्पल हातात धरून शाळेला गेलो मी. काळी माती काय करते हे शिकायला मला कॉलेजची गरज नव्हती. आणि मीच!

१३ जुलै, रविवार

आज बी अण्णाचा फोन न्हाई. आधी दर रविवारी सकाळी यायचा. "जेवलास का, काय जेवलास, कामून आवाज बसलाय" — तेच तेच. मी स्पीकर लावून दाढी करायचो. २२ मेपासून एकदा बी आला न्हाई.

मी करू का? केला तर काय बोलू?

१७ जुलै

गावाकडनं, दुबलगुंडीहून, एसटीच्या कंडक्टरजवळ डबा आला. शेंगाच्या पोळ्या. हेमावती वहिनींच्या हातच्या, कडेला जरा करपलेल्या असतात त्याच. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. अण्णानं तर पाठवल्या नसणार, वहिनींनी चोरून पाठवल्या असतील.

ऑफिसात वाटून टाकल्या. बालाजी दोन खाऊन गेला. मला एक बी खाता आली न्हाई.

२६ जुलै

तीन दिवस झड लागलीय. अग्निशामक गाडी पूर्वेच्या टोकाला उभी करून ठेवलीवती. आज हलवली तर चाकांच्या जागी दोन खोलगट खुणा, त्यात पाणी. फार न्हाई, बोटभर. ड्रायव्हर म्हणाला, "डांबर मऊ पडलं असेल सर." पावसात डांबर कुठून मऊ पडतंय बाबा!

डांबराच्या कडेला पहार रोवून बघितली. इथं मुरूम आणखी पातळ, वीतभरच, आणि मग पहार अशी गेली — भाकरीच्या पिठात बोट जावं तशी. उपसली तर टोकाला काळं.

तिथंच गटार काढायचं काम चाललंवतं. अण्णा होता. माझ्या हातात पहार, पायाला चिखल, आणि समोर अण्णा. वाटलं आता बोलेल. दोन शिव्या घालेल.

"नमस्कार साहेब," म्हणाला. आणि पाटी उचलून गेला.

दगड घातला असता डोक्यात तर बरं झालं असतं.

२७ जुलै

झोप न्हाई. खाई त्याला खवखवे.

३ ऑगस्ट, रविवार

आज खरं गणित केलं. पूर्वेच्या टोकाला 'डी' धरून. जमीन मऊ असली की त्याच विमानाचा आकडा वाढतो, कारण मऊ जमिनीला तोच भार जड जातो. १२२ चा होतोय १४८. आणि धावपट्टीचा आपला आकडा उतरतोय ९५ वर.

पंचाण्णवच्या बाजेवर एकशेअठ्ठेचाळीसचा पाव्हणा.

विमान काही लगेच जमिनीत जाणार न्हाई, तसलं नसतं ते. पहिल्या दिवशी काही दिसणार बी न्हाई. दहाव्या, विसाव्या दिवशी चाकाखाली चर पडेल, डांबर उकलेल, खडी इंजिनात जाईल. किंवा वळताना एक चाक रुतेल आणि विमान कलंडेल. आत सत्तर माणसं. कुणाच्या सहीवर? माझ्या.

११ ऑगस्ट

सरांच्या केबिनमध्ये सांगायलाच गेलोवतो. दारात पाठ केलं होतं — सर, चौथ्या खड्ड्याचा नमुना खोटा आहे. आत गेलो, आणि तोंडातून काय निघावं? "सर, जर जमीन थोडी मऊ निघाली तर?"

सर म्हणाले, "अहो, डांबरी धावपट्टीला कधीमधी दहा टक्के जास्ती चालतं की. नियमच आहे." नियम आहे. पण दहा टक्के कशाच्या वर? आकडाच खोटा असला तर टक्के कसले? हे मी मनात म्हणालो. तोंडानं "व्हय सर" म्हणालो. आणि बाहेर आलो ते निमंत्रणपत्रिकांचं काम अंगावर घेऊन.

शाबास रे इंजिनिअर!

१६ ऑगस्ट

पहिल्या विमानात बसणाऱ्यांची यादी टाइप करायला माझ्याकडंच आली. ज्यांची जमीन धावपट्टीत गेली त्यांना मान द्यायचा असं ठरलंय. पहिलंच नाव: नागूबाई, वय ७१, हळ्ळीखेड. शेरा — "पूर्व टोकाची जमीन."

दुपारी ती लेकाला घेऊन ओळखपत्राची झेरॉक्स द्यायला आली. नवीन चप्पल घातलीवती. चावत होती म्हणून हातात धरलीवती. मला म्हणाली, "बाळा, तुमी कसं काय डांबर टिकवलाव त्या रानात? आमचा बैल बसायचा तिथं पोटापत्तर. माझ्या मालकानं पेरणीच सोडलीवती त्या कोपऱ्याची."

म्हणालो, "आजी, खाली मुरूम घातलाय." ती म्हणाली, "घातला असंल. तुमी शिकलेले." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

१८ ऑगस्ट

लिहिलं. भर दुपारी, ऑफिसच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत. दीड पान.

चौथ्या खड्ड्याची माती मी तपासली न्हाई. तिसऱ्याचीच दोन पोत्यांत भरली. खणणाऱ्या मजुरानं काळी माती लागल्याचं मला मोठ्यानं सांगितलं होतं, मी त्यालाच गप्प केलं. इथपर्यंत लिहून थांबलो. मग पुढचं बी लिहिलं — सदर मजूर नरसिंग हे माझे सख्खे थोरले बंधू आहेत. मी त्यांची ओळख नाकारली.

त्या शेवटच्या वाक्याची चौकशीला काही गरज नव्हती, मला होती.

१९ ऑगस्ट

सरांनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. आधी कन्नडमध्ये — "होगली बिडी", जाऊ द्या, सोडा. मग मराठीत, "हे फाडतो मी. तुम्ही एक आठवडा रजेवर जा."

मी म्हणालो, "सर, मी वरच्या ऑफिसला मेल बी केलाय." त्यांनी पत्राची घडी घालून टेबलावर ठेवली. वाईट माणूस न्हाई हा. चार वर्षं त्या विमानासाठी चपला झिजवल्या त्यांनी. पोरीसारखी लाडकी केलीय ही धावपट्टी.

मग म्हणाले, "आणि भाऊ तुमचा ठेकेदाराकडं मजुरीला? नियम ठाऊक न्हाई तुम्हाला? देखरेख करणाऱ्याचा नातेवाईक मजूर म्हणून चालत न्हाई. तुमचं काय व्हायचं ते होईल, त्याला उद्याच काढतील."

त्या नियमाची मला आठवणसुद्धा नव्हती! ठेक्याच्या कागदावर माझीच सही आहे आणि मला आठवण न्हाई. सरळ वागायला गेलो आणि पुन्हा अण्णाच्याच पोटावर पाय दिला.

२९ ऑगस्ट

विजयश्री मॅडम आल्या. माझ्याशी एक अक्षर बोलल्या न्हाईत, बरोबरच आहे. दुसरी माणसं लावून चौथा खड्डा परत उघडला. दीड हातावर काळी. खालून पाणी झिरपायलंय. मॅडमनी बोट खुपसलं, बघितलं, रुमालाला पुसलं.

मग अण्णाला बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून आलावता, चौकशी आहे म्हणून. मॅडमनी विचारलं, "मे महिन्यात तुम्ही या साहेबांना काळी माती लागली म्हणून सांगितलं होतं का?"

"न्हाई बाई."

"हे साहेब तुमचे भाऊ आहेत?"

अण्णा माझ्याकडं बघितला बी न्हाई. "न्हाई. माझं ह्यांचं काई नातं न्हाई. मी ठेकेदाराचा माणूस."

माझेच शब्द! जसेच्या तसे! वाटलं, आत्ता या खड्ड्यात मला घाला आणि वरून मुरूम लोटा. मी म्हणालो, "अण्णा, मी लिहून दिलंय सगळं." तो मॅडमकडंच बघत म्हणाला, "साहेबांचा काईतरी गैरसमज झालाय."

मॅडमनी मजुरांचा हजेरीपट उघडला. अण्णाच्या नावापुढं बापाचं नाव, गाव. माझ्या ओळखपत्रावर तेच नाव, तेच गाव. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं आणि मिटून टाकलं. "या तुम्ही," एवढंच म्हणाल्या. कुणाला, ते कळलं न्हाई. आम्ही दोघं बी निघालो, दोन दिशांना.

चांगला सूड घेतलास अण्णा. घे. तुझा हक्कच आहे.

४ सप्टेंबर

माती चार दिवस पाण्यात ठेवून तपासली. डी. आकडा मागं घेतलाय. विमान पुढं ढकललं. कधीपर्यंत, कुणाला माहीत न्हाई. पूर्वेचं टोक उकरून काळी काढून नवीन भराव घालणार म्हणतात. मला कामावरून बाजूला केलंय, चौकशी संपेपर्यंत. अण्णाला परवाच काढलं.

ऑफिसात कुणी बोलेना. बालाजी समोरून आला आणि रस्ता बदलून गेला. ईरम्मानं तेवढा चहा आणून ठेवला. "पाव्हण्याला परत लावलाव न्हवं? बरं केलाव सायेब. बाज मोडली की पाव्हणाच पडतोय, बाजेचं काय जातंय?" मी रडलो तिच्यापुढं. चाळिशीला आलेला माणूस.

नागूबाईला फोन करून सांगायचं काम मी मागून घेतलं. ती म्हणाली, "आसू दे बाळा, आता चप्पल तरी सैल हुईल तवर."

७ सप्टेंबर, रविवार

दुबलगुंडीला गेलो. माफी मागायची म्हणून. हुमनाबादपासून एकच वाक्य घोळवत होतो. अण्णा, माझं चुकलं. मला तुझी लाज वाटली.

अंगणात पाय टाकला तर अण्णा बाजेवर. मला बघून मोठ्यानं हसला! "ये बुद्धा! आता साहेब कामून म्हणायचं, बिंगच फुटलं की! हेमा, पाणी आण!"

मला काही कळेना. पुतणी मैत्रेयी धावत आली. बारावीला आहे, कन्नडच्या आधी इंग्रजी बोलते. म्हणाली, "काका, अप्पांनी आम्हाला मेमध्येच सांगितलंवतं. साहेबाचा भाऊ म्हणून कळलं तर अप्पांची रोजी जाईल, तसा नियम आहे, म्हणून तुम्ही ओळख दाखवली न्हाई. वरडल्यासारखं बी केलात, लोकांना खरं वाटावं म्हणून. आम्हाला ताकीद होती — कुणी काकाला फोन करायचा न्हाई, भेटायचं न्हाई, बिंग फुटेल."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "म्हणून पोळ्या पाठवल्या तर चिठ्ठी बी घातले न्हाई. चार महिने तुमी आमच्यासाठी किती जीव मारलाव, भावजी. आन् शेवटाला सगळं स्वतःच्याच अंगावर घेतलाव." डोळ्याला पदर लावला.

आणि अण्णा? "मी तर मॅडमपुढं सांभाळून घेतलोवतो रे! तूच खुळ्यावानी लिवून बसलास. जाऊ दे. हळ्ळीखेडला विटांचं काम हाय, जातो उद्यापासनं."

म्हणजे फोन बंद होता तो त्यासाठी. "नमस्कार साहेब" ते त्यासाठी. "काई नातं न्हाई" ते बी! मी सूड म्हणालो.

तोंडात घोळवलेलं वाक्य तसंच राहिलं. मैत्रेयीनं ताटात पोळी वाढली, मी खाल्ली. तिघंही माझ्याकडं असं बघत होते, आणि मी जेवत होतो. वाढलं तेवढं सगळं खाल्लं. रात्री राहिलो.

८ सप्टेंबर

सकाळी अण्णाला विटांच्या कामावर सोडायला गेलो, तेव्हा वाटेत गाडी थांबवून सांगितलं. अण्णा, नियम मला आठवत बी नव्हता. मला तुझी लाज वाटलीवती. तुझ्या बनियनची, तुझ्या बोलण्याची.

अण्णानं टॉवेल झटकला. डोक्याला गुंडाळला.

"मला त्याच दिवशी कळलंवतं रे. तुझं तोंड मी बारशापासनं बघायलोय. पर घरात काय सांगू? पोरगी तुझ्यावानी इंजिनिअर हुते म्हणतीय." खोरं खांद्यावर घेतलं. "म्हणून तसं सांगितलो. आता तू बी तेच सांग."